व्हिलिएहून आलेले डिव्हिलियर्स

२५ ऑक्टोबर २०१५चं नाव काढलं की मुंबईच्या क्रिकेटवेड्यांचे चेहरे अजून पडतात. वानखेडेवर त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेने आपल्या गोलंदाजांची पिसं काढली होती. ४ बाद ४३८. डी कॉक १०९, डू प्लेसी १३३, डिव्हिलियर्स ११९. एका डावात तीन शतकं, आणि उत्तरादाखल आपले सगळे मिळून २२४. हरल्याचं दुःख चार दिवसांत ओसरलं, धावफलकावरची नावं मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. डी कॉक डच, ते ठीक. केपची वसाहत डचांचीच. पण डू प्लेसी? डिव्हिलियर्स? ही तर उघड उघड फ्रेंच नावं, आणि फ्रान्सने दक्षिण आफ्रिकेवर कधी राज्य केलेलं नाही. आठवायला बसले तशी यादी लांबतच गेली. हॅन्सी क्रोनिए, फॅनी डिव्हिलियर्स, १९९५ साली रग्बीचा विश्वचषक उचलणारा फ्रान्स्वा पिनार, आणि हल्ली ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा मार्नस लाबुशेन.

पुढे केपटाऊनला जायचा योग आला. टेबल माउंटन, केप पॉइंट, पेंग्विन हे सगळे करतात ते आम्हीही केलं, पण एक अख्खा दिवस मी फ्रान्शहुकसाठी राखून ठेवला. नवरा म्हणाला, ‘‘आडनावं बघायला कुणी प्रवास करतं का?’’ तिथे वाइन चांगली मिळते म्हटल्यावर त्याची तक्रार मिटली.

फ्रान्शहुक म्हणजे फ्रेंचांचा कोपरा. केपटाऊनहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. पार्लमार्गे गेलं तर वाटेत एक तुरुंग लागतो. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला ज्याच्या फाटकातून चालत बाहेर आले, तोच हा तुरुंग. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टर व्हर्स्टर होतं, आता ड्राकेनस्टाइन आहे. तिथून पुढे दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येत जातात आणि शेवटी तीन बाजू बंद होतात. मधल्या तळात बर्ग नदीचं खोरं आणि नजर जाईल तिथपर्यंत द्राक्षमळे. फेब्रुवारी होता, काढणी चालू होती. मळ्यांच्या पाट्या वाचत गेलं तर आपण प्रोव्हान्समध्ये उतरलो की काय असं वाटावं: ला मोत, ला प्रोव्हान्स, ला दोफिन, काब्रिएर, दिऊ दोने.

गावात शिरल्यावर तर विचारूच नका. बिस्त्रो, पातिसरी, आणि जिथे खांब तिथे निळा-पांढरा-लाल तिरंगा. जुलैत इथे बॅस्टीय दिनाची जत्राही भरते. याची मला गंमत वाटली. या खोऱ्यात आलेल्या फ्रेंचांनी तो तिरंगा आयुष्यात पाहिलेला नव्हता. ते आले १६८८-८९ साली आणि बॅस्टीय पडलं १७८९ मध्ये. ज्या फ्रान्समधून ते जीव मुठीत धरून पळाले, तो चौदाव्या लुईचा फ्रान्स होता.

त्या पळण्याची हकिगत थोडक्यात सांगते. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना ह्यूगेनॉट म्हणत. १५९८ साली चौथ्या हेन्रीने नॉन्तचं फर्मान काढून त्यांना आपल्या धर्माने राहायची मुभा दिली. त्याच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, ऑक्टोबर १६८५ मध्ये ते फर्मान रद्द केलं. प्रार्थनामंदिरं पाडायची, धर्मोपदेशकांनी पंधरवड्यात देश सोडायचा, आणि बाकीच्यांनी मात्र सोडायचा नाही! पळताना सापडलेल्या पुरुषांना जन्मभर गलबतांवर वल्ही मारायला धाडत, बायकांना कोंडून ठेवत. त्याच्या आधीपासूनच ह्यूगेनॉटांच्या घरांत घोडदळाचे शिपाई मुक्कामाला घातले जात होते. घरमालक धर्म बदलेपर्यंत त्यांनी खायचं, प्यायचं आणि मोडतोड करायची, अशी ती रीत. तरीही दोनेक लाख माणसं निसटली. कुणी जिनिव्हाला, कुणी बर्लिनला, कुणी लंडनला, बरेचसे हॉलंडला.

या लोकांचा गड म्हणजे ला रोशेल बंदर. काही वर्षांपूर्वी पॅरिसला गेलो असताना रेल्वेने तीन तासांत तिथे जाऊन आलो होतो. जुन्या बंदराच्या तोंडाशी दोन दगडी बुरूज समोरासमोर उभे आहेत. पूर्वी रात्री त्यांच्यामध्ये साखळी ओढून बंदर बंद करत. तिसरा बुरूज दीपस्तंभाचा. तोच पुढे तुरुंगही झाला. त्याच्या आतल्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेली गलबतं, नावं, तारखा आजही बोटाने चाचपता येतात. १६२७-२८ मध्ये कार्डिनल रिशल्यूने समुद्रात बांध घालून या शहराला वेढलं. चौदा महिन्यांनी शहर शरण आलं तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त वस्तीतली पाचेक हजार माणसं जिवंत उरली होती.

डिव्हिलियर्स घराण्याची परंपरा आपल्या मूळपुरुषांना या ला रोशेलच्या बाजूचे मानते. आडनाव त्याहून कितीतरी जुनं. व्हिलिए नावाची गावं फ्रान्सभर विखुरलेली आहेत. एखाद्या मोठ्या शेतवाडीच्या आसऱ्याने वसलेली ती वाडी. ‘द व्हिलिए’ म्हणजे त्या गावचा. मराठी माणसाला हे समजवायला लागत नाही, आपला ‘कर’ तेच काम करतो. उच्चार मात्र जागोजागी वेगळा. आपण डिव्हिलियर्स म्हणतो, आणि घरात आफ्रिकान्स बोलणारा माणूस शेवटचा ‘र्स’ तोंडातून काढतच नाही.

हॉलंडला पोचलेल्या ह्यूगेनॉटांकडे डच ईस्ट इंडिया कंपनीचं लक्ष गेलं. केपला कंपनीने १६५२ मध्ये ठाणं वसवलं होतं. पूर्वेला जाणाऱ्या जहाजांना तिथे भाजीपाला, मांस आणि वाइन लागे, पण द्राक्षं जाणणारी माणसं नव्हती. फुकट प्रवास, शेतजमीन, बी-अवजारं उधारीवर. बदल्यात कंपनीशी इमानाची शपथ आणि निदान पाच वर्षं मुक्काम. ओस्टरलँड, व्होर्सखोटेन, बर्ग चायना अशी जहाजं १६८८ मध्ये एकामागून एक आली. सगळे मिळून माणसं जेमतेम दोनशे. एका गावात लग्नाला याहून जास्त पाहुणे येतात. पण गोऱ्या शेतकऱ्यांची वस्तीच इतकी विरळ होती की त्यात हा गट उठून दिसला.

डिसेंबर १६८८ मध्ये कंपनीच्या डेल्फ्ट शाखेने केपच्या कारभाऱ्याला एक शिफारसपत्र लिहिलं. पिएर, अब्राहम आणि जाक हे तीन डिव्हिलियर्स बंधू येत आहेत. तिघांनाही द्राक्षमळा लावण्याची आणि सांभाळण्याची चांगली जाण आहे, सबब त्यांना मदत करावी. पुढच्या मे महिन्यात झिऑन जहाजातून तिघे भाऊ केपला उतरले. १६९४ मध्ये या खोऱ्यात त्यांच्या नावे जमिनी झाल्या. पिएरने आपल्या शेताला बुर्गोन्य म्हटलं, अब्राहमने शांपेन, जाकने ला ब्री. तिन्ही फ्रान्समधले मुलूख. त्या वेळी या खोऱ्याचं नाव होतं ओलिफांट्सहुक, हत्तींचा कोपरा. इथे हत्ती होते आणि गुरं चारणारे खोईखोई लोकही होते. जमीन कंपनीने वाटली खरी, पण ती कंपनीच्या वाडवडिलांची नव्हती.

शांपेनवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३५च्या सुमारास फ्रान्सने दक्षिण आफ्रिकेकडून शेवंडी विकत घ्यायचं कबूल केलं, आणि त्या बदल्यात आपल्या मुलुखांची नावं इथल्या वाइनवर छापायची नाहीत अशी अट घातली. तेव्हापासून शांपेन नावाच्या शेतातल्या फसफसत्या वाइनलाही शांपेन म्हणता येत नाही. आमच्यासमोर आलेल्या बाटलीवर ‘मेथोद काप क्लासिक’ असं लिहिलेलं होतं. नवऱ्याचं मत पडलं की नावाने काही बिघडलेलं नाही.

गावाच्या टोकाला ह्यूगेनॉटांचं स्मारक आहे, १९४८ मध्ये उद्घाटन झालेलं. तीन उंच कमानी, त्यांच्यापुढे पृथ्वीच्या गोलावर उभी असलेली स्त्री. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात तुटलेली साखळी. कुर्ट स्टाइनबर्ग या शिल्पकाराचं काम. स्मारक देखणं आहे, पण मला ते जरा जास्तच सोवळं वाटलं. १९४८ म्हणजे वर्णभेदाचं सरकार निवडून आलं तेच साल. तुटलेल्या साखळीचा अभिमान आणि नव्या साखळ्यांची तयारी एकाच वर्षात. मुद्दाम कुणी जुळवून आणलं नसेल, तरी बघताना मनातून जात नाही.

शेजारचं संग्रहालय मात्र मन लावून पाहावं असं आहे. केपटाऊनमधल्या सासफेल्ड नावाच्या जुन्या हवेलीचे चिरे आणून इथे तिची प्रतिकृती बांधली आहे. जुनी बायबलं, लाकडी पेट्या, कंपनीचे कागद, आणि घराण्यांचे वंशवृक्ष. एका कपाटापुढे एक वृद्ध जोडपं वाकून काही टिपून घेत होतं. बाईंच्या हातातल्या वहीत शब्दांऐवजी नुसती अक्षरं आणि आकडे: बी ३, सी ५, डी २. मी न राहवून विचारलं तर त्यांनी हौसेने समजावलं. मूळपुरुष ए. त्याची मुलं बी १, बी २, बी ३. तिसऱ्या मुलाचं पाचवं अपत्य बी ३ सी ५. असं खाली उतरत गेलं की माणसाच्या नावापुढच्या खुणेवरूनच तो कुठल्या फांदीवरचा, ते कळतं. ही पद्धत वंशावळकारांमध्ये डिव्हिलियर्स-पामा या नावानेच ओळखली जाते. क्रिस्टोफेल कुत्से डिव्हिलियर्स या गृहस्थाने केपच्या जुन्या घराण्यांची नोंद करता करता १८८७ मध्ये जग सोडलं, ग्रंथ नंतर छापला गेला, आणि विसाव्या शतकात पामा नावाच्या अभ्यासकाने त्याची सुधारित आवृत्ती काढली. अख्ख्या गोऱ्या केपची कुंडली मांडणारा माणूस त्या तीन भावांच्याच आडनावाचा निघावा!

त्याच बाईंनी एबी डिव्हिलियर्सचं पूर्ण नाव सांगितलं: अब्राहम बेंजामिन. आफ्रिकानेर घरांत थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची चाल, त्यामुळे अब्राहम, पिएरचा झालेला पीटर, जाकचा झालेला याकोब ही नावं तीन शतकं घरातल्या घरात फिरत राहिली.

वंशवृक्षात एक गोष्ट मात्र शोधूनच काढावी लागते. अब्राहमची बायको सुझान गार्डिओल, जाकची बायको मार्गरित गार्डिओल. सख्ख्या बहिणी, प्रोव्हान्समधल्या लाकोस्त गावच्या. भावाबरोबर निघून या दोघी केपला पोचल्या. आज जगभर पसरलेल्या डिव्हिलियर्सांपैकी अगणित लोकांच्या त्या आद्य आज्या. पण गार्डिओल हे आडनाव केपमध्ये पुढे चाललं नाही.

आता भाषेचं. नोव्हेंबर १६८९ मध्ये फ्रेंचांचं एक शिष्टमंडळ कारभारी सिमोन व्हान डर स्टेलकडे गेलं. पाद्री पिएर सिमों पुढे, आणि सोबतच्यांत उतरून जेमतेम सहा महिने झालेला अब्राहम डिव्हिलियर्स. मागणी साधी, आमची वेगळी प्रार्थनासभा असावी. व्हान डर स्टेल भडकला. आज देऊळ मागतात, उद्या स्वतःचा कारभारी मागतील, असा त्याचा सूर. सभा पुढे मिळाली, पण कंपनीने जमिनी वाटताना फ्रेंचांच्या शेजारी डच बसवले, आणि १७०१ नंतर शाळा डच भाषेत. त्या दशकात पाद्री सिमों परत गेला. पन्नास वर्षांनी आकाशाचा नकाशा करायला आलेल्या लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला चाळिशीखालच्या कुणालाही फ्रेंच येत नसल्याचं दिसलं. १७८०च्या दशकात ल व्हायां नावाचा पक्षीतज्ज्ञ फ्रान्शहुकला आला, तर फ्रेंच समजणारा एक म्हातारा उरला होता. शंभर वर्षांत भाषा संपली.

आडनावंही डच कारकुनाच्या हाती सापडली. क्रोनिएचा झाला क्रोन्ये, व्हियोंचा फिल्युन, तेरब्लांकचा तेरब्लांश, पिनारच्या मूळ फ्रेंच स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं जादा घुसली. डिव्हिलियर्स, डू प्लेसी, डू ट्वा, ल रू मात्र कागदावर जवळपास जसेच्या तसे राहिले. भाषा गेली, तरी नाव टिकलं. का? श्रद्धा, अभिमान, रक्त अशी उत्तरं स्मारकापाशी मिळतात. मला ती पटत नाहीत. या खोऱ्यात हिंडून माझं मत असं झालं की आडनाव टिकतं ते सातबाऱ्याने. ज्याच्या नावावर शेत, ज्याचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत, ज्याची वाटणी कोर्टाच्या कागदात, त्याचं नाव राहतं. मग त्या जोरावर ते न्यायासनावरही बसतं. जॉन हेन्री डिव्हिलियर्स आधी केप वसाहतीचे आणि १९१०पासून साऱ्या दक्षिण आफ्रिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले. राष्ट्रगीतातही ते शिरतं. ‘दी स्टेम’ या जुन्या राष्ट्रगीताची चाल १९२१ मध्ये मार्थिनस लॉरेन्स डिव्हिलियर्स या पाद्र्याने बांधली, आणि आजच्या संयुक्त राष्ट्रगीतात तिचा भाग आहे. फ्री स्टेट प्रांतात व्हाल नदीकाठी तर व्हिलियर्स नावाचं गावच आहे, शेताच्या मालकावरून पडलेलं. गावावरून पडलेल्या आडनावाचं पुन्हा गाव झालं.

ज्यांचा सातबारा नव्हता त्यांचं काय झालं, ते आमच्या चालकाच्या आडनावात होतं. एका इंग्रजी महिन्याचं नाव, बस. फ्रान्शहुकहून परतताना बोस्केन्दालला थांबलो. हा मळा १७१५ मध्ये अब्राहम डिव्हिलियर्सने घेतला, लवकरच तो जाककडे गेला आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं घराण्यात राहिला. मधला पांढराशुभ्र, वळणदार कमानीचा वाडा १८१२ मध्ये पॉल डिव्हिलियर्सने बांधवला. झाडाखाली बसून लोक टोपल्यांतून जेवण काढून खात होते. चालकाला मी आत चला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, माझा आजा असल्याच मळ्यात होता. त्याला मजुरीचा काही भाग वाइनमध्ये मिळायचा. सकाळी एक मग, दुपारी एक, संध्याकाळी एक.’’ याला इथे डॉप म्हणत. कायद्याने बंदी आली तरी ती चाल कितीतरी वर्षं मागे रेंगाळत राहिली. ‘‘आणि आडनाव?’’ ‘‘ज्या महिन्यात आणलं, त्या महिन्याचं. आमच्याकडे फेब्रुवारी आहेत, एप्रिल आहेत, सप्टेंबर तर पुष्कळ.’’ त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. किती वेळा सांगून झालं असेल!

१६५२ ते १८०८ या काळात साठ हजारांहून अधिक गुलाम केपला आणले गेले. मादागास्कर, पूर्व आफ्रिका, आजचा इंडोनेशिया, आणि साधारण चौथा हिस्सा आपल्या देशातून. कंपनीच्या वह्यांत ते ‘व्हान बेंगाल’, ‘व्हान मलाबार’, ‘व्हान द कुस्ट’ असे लिहिलेत. शेवटचा म्हणजे कोरोमंडल किनाऱ्याचा. डिव्हिलियर्स म्हणजे व्हिलिएचा, व्हान बेंगाल म्हणजे बंगालचा. पण पहिला आपलं गाव मुलाला देऊ शकला, दुसऱ्याचं त्याच्याबरोबर संपलं. आंजेला व्हान बेंगाल ही बाई १६६६ मध्ये गुलामीतून सुटली, तिला केपटाऊनमध्ये जागाही मिळाली. तिने आर्नोल्डस बासनशी लग्न केलं. बासन आजही पुष्कळ आहेत, व्हान बेंगाल नाहीत. या खोऱ्यातले मळे अशाच माणसांनी खणले, लावले, छाटले. १८३४ मध्ये गुलामी कायद्याने संपली.

आडनाव रंगाच्या रेषेतही राहिलं नाही. पार्लचे पीटर डिव्हिलियर्स २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचे प्रशिक्षक झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले गोरेतर. आणि नावाचा प्रवासही थांबलेला नाही. लाबुशेन क्लेर्क्सडोर्पमध्ये जन्मला आणि दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर क्वीन्सलँडला गेला. फ्रान्सने तर १७९० मध्ये कायदाच केला होता की धर्मासाठी पळालेल्यांच्या वंशजांनी परत यावं, त्यांना फ्रेंच नागरिक मानू. तो १९४५पर्यंत लागू होता. केपचे डिव्हिलियर्स काही परतले नाहीत.

केपटाऊनला जाणार असाल तर फ्रान्शहुकच्या आदल्या दिवशी शहरातल्या चर्च स्क्वेअरला जाऊन या. गुलामांच्या जुन्या कोठडीसमोरच तो चौक आहे. तिथे जमिनीलगत काळ्या ग्रॅनाइटचे ठोकळे मांडलेत आणि त्यांच्यावर गुलामांची नावं कोरलीत. अर्धा तास पुरतो, पैसे पडत नाहीत. फ्रान्शहुक आधी केलंत तर हा चौक राहूनच जाईल, कारण वाइनच्या गावात गेलेला दिवस कुणाचाच वेळेवर संपत नाही.